स्तन लहान असले तर बाळाला दूध कमी पडतं का?

नाही. आकार मुख्यतः चरबीवर ठरतो. दूध बनतं ते आतल्या सूक्ष्म ग्रंथींत. प्रोलॅक्टिन हे हार्मोन दूध बनवतं, आणि बाळ ओढू लागलं की ऑक्सिटोसिन या दुसऱ्या हार्मोनमुळे ग्रंथींभोवतीच्या पेशी आवळून ते नलिकांतून पुढे येतं. (बाळाच्या नुसत्या रडण्यानेही पान्हा फुटतो, तो यामुळेच.) खरी मेख वेगळी आहे: स्तन जितका रिकामा होईल तितकं नवं दूध भराभर बनतं, तुंबून राहिलं की वेग मंदावतो. पहिले 2-3 दिवस थोडासा चीकच येतो. तेव्हा सासूबाई ‘पुरत नाही गं’ म्हणाल्या तरी घाबरून स्वतःहून वरचं दूध सुरू करू नका. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसातून 6 वेळा तरी शू करतंय का, वजन वाढतंय का, ते बघा; नसेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा.