'मिशन', 'मिशनरी', 'सुवार्ता', 'साक्ष' : शब्द आणि त्यामागचं कारण

दिग्रसकडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या सासूबाई "तिले मिशनात नेलं होतं" म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ दवाखान्यात नेलं असा असतो, मुलाच्या पुस्तकात मिशनरी म्हणजे धर्मप्रचारक असं छापलंय, आणि शेजारचे एक काका गावात 'मिशनरी कार्यकर्ते' म्हणून ओळखले जातात पण ते ख्रिस्ती नाहीत, बाबासाहेबांच्या चळवळीतले आहेत. मग हा शब्द नेमका कोणाचा, धर्मप्रचारक हा त्याला बरोबर मराठी शब्द आहे का, आणि ख्रिस्ती लोक जगभर माणसं पाठवतात, त्यासाठी गरीब माणूससुद्धा पैसे देतो, ते कशासाठी, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला, घर ख्रिस्ती, आणि शब्दांचा नाद लहानपणापासूनचा, त्यामुळे हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. शब्दापासूनच सुरू करतो, कारण तुमच्या 'कशासाठी' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच सापडतं.

मिशन आपल्याकडे इंग्रजीतून आला आणि इंग्रजीत लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे, त्यावरून 'मिस्सिओ', म्हणजे पाठवणी. चर्चच्या भाषेत आधी हा शब्द माणसांना लावतच नव्हते, देवपित्यानं आपल्या पुत्राला जगात पाठवलं याबद्दल धर्मशास्त्री लोक तो वापरायचे, मग 16व्या शतकात जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या लोकांनी दूरदेशी पाठवलेल्या धर्मगुरूंच्या कामाला तो लावला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. त्याच्याही मागं जायचं तर नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, ग्रीक शब्द आहे 'अपोस्तोलोस', त्याचाही अर्थ पाठवलेला, आणि मराठी बायबलात त्याला 'प्रेषित' हा शब्द घेतलाय. पाकिटावर आपण 'प्रेषक' लिहितो ना, त्याच कुळातला. आपण प्रेषित म्हटलं की फार मोठा, दैवी पुरुष डोळ्यासमोर आणतो, पण मूळ अर्थ एवढाच की कोणीतरी धाडलेला माणूस, ज्याच्याजवळ दुसऱ्याचा निरोप आहे.

ख्रिस्ती माणूस हे काम का करतो याचं पहिलं कारण इथं आहे. मत्तयानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, म्हणजे शुभवर्तमानाच्या शेवटी, 28व्या अध्यायात, पुन्हा उठलेला येशू शिष्यांना सांगतो की जा, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या आणि मी शिकवलं ते शिकवा. योहानाच्या 20व्या अध्यायात तर सरळच आहे, पित्यानं मला पाठवलं तसं मी तुम्हाला पाठवतो. म्हणजे श्रद्धावान माणसाच्या लेखी ही त्याच्या मनात आलेली मोहीम नाही, तो आज्ञेखाली आहे, आणि ती आज्ञा त्याच्या धन्यानं जातानाची दिलेली आहे. आपल्याकडं जाणाऱ्या माणसाचा शेवटचा शब्द किती पाळतात ते तुम्हाला सांगायला नको, इथं तर विश्वास असा की तो गेलेला नाही, जिवंत आहे आणि सोबत आहे.

आता धर्मप्रचारक. हा शब्द चुकीचा नाही पण तो बाहेरून पाहणाऱ्याचा शब्द आहे. चर्चमध्ये बसलेली मंडळी आपसात बोलताना धर्मप्रचार असं क्वचितच म्हणतात, ते 'सुवार्ता सांगणे' म्हणतात, सांगणारा तो 'सुवार्तिक', आणि स्वतःच्या आयुष्यात काय झालं ते उभं राहून सांगितलं की ती 'साक्ष'. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी, ग्रीक 'युअँगेलिऑन'चं सरळ मराठी. जुन्या मराठी बायबलात शुभवर्तमान आहे, ते कानाला भारदस्त लागतं, बोलण्यात मात्र सुवार्ताच. हा ग्रीक शब्दसुद्धा ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. आजच्या तुर्कस्तानात प्रिएने म्हणून जुनं शहर आहे, तिथल्या इसवी सनापूर्वी 9 सालच्या शिलालेखात रोमन सम्राट ऑगस्टसचा जन्म म्हणजे जगासाठी शुभवार्तांची सुरुवात असा मजकूर आहे. म्हणजे हा शब्द राजाच्या दवंडीतला. ख्रिस्ती लोकांनी तो उचलून एका सुताराच्या घरच्या, क्रुसावर मारल्या गेलेल्या माणसाला लावला, की देवानं जगावर प्रेम केलं, पापाची क्षमा आहे, मरण शेवट नाही, ही बातमी. मला हे नेहमी फार मोठं वाटत आलंय.

प्रचार आणि बातमी यात फरक कसा पडतो पहा. प्रचार मताचा असतो, पक्षाचा असतो, उमेदवाराचा असतो, समोरचा आपल्याकडं वळला पाहिजे यावर त्याचं सगळं लक्ष. बातमी खरी असेल तर ती सांगावीच लागते, ऐकणारा मानो न मानो. येशूचा प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो (10वा अध्याय) की ज्याच्याविषयी ऐकलंच नाही त्याच्यावर लोक विश्वास कसा ठेवतील, सांगणारा नसेल तर ऐकतील कसं, आणि कोणी पाठवलंच नाही तर सांगतील कसं. या तीन वाक्यांत ऐकणारा, सांगणारा आणि पाठवणारा असे तिघं आलेत, आणि तुम्ही विचारलेला पैशाचा प्रश्न या तिसऱ्यापाशी येऊन थांबतो.

सगळे जाऊ शकत नाहीत. ज्याचं चार एकर कोरडवाहू आहे, घरी म्हातारे आईबाप आहेत, तो कुठं जाणार? पण पाठवणाऱ्यात तो असू शकतो. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चनं, उपास करून, प्रार्थना करून, डोक्यावर हात ठेवून बर्णबा आणि शौल (हाच पुढं पौल) यांना रवाना केलं, आणि फिलिप्पैच्या मंडळीनं पौलाला गरजेच्या वेळी मदत धाडली म्हणून तो त्यांचे आभार मानतो. तेव्हापासून हे चालू आहे. विल्यम केरी हा इंग्लंडातला जोडे शिवणारा माणूस, 1792 साली त्यानं पुस्तिका लिहून मांडलं की ती आज्ञा फक्त पहिल्या शिष्यांपुरती नव्हती, आपल्यालाही लागू आहे. त्याच वर्षी केटरिंग गावी मूठभर पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, जमले, संस्था काढली, वर्गणी जमली 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स, आणि पुढच्या वर्षी केरी बंगालमध्ये. त्याचे साथीदार अँड्र्यू फुलर यांनी नंतर हे सगळं खोल खाणीत उतरण्यासारखं होतं असं सांगितलंय, केरी जणू म्हणाला मी उतरतो, तुम्ही वर दोर धरा. आपल्याकडं विहिरीचा गाळ काढताना वरचा माणूस दोर सोडत नाही तेच हे. याच केरीनं पुढं बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण काढलं 1805 साली आणि कोश काढला 1810 साली, तोही मोडी टाइपात, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. मराठीच्या अभ्यासकाला त्याला टाळून पुढं जाताच येत नाही.

आमच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला काय होते ते सांगतो. पहिल्या वेचणीचा कापूस कोणी गाठोड्यात आणते, कोणी तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, एखादी म्हातारी पदरात बांधून चार लिंबं आणते, आणि हे सगळं समोर मांडून उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एक भोपळा एकजण शंभराला घेतो आणि परत टेबलावर ठेवतो, की पुन्हा बोली लावा. तो भोपळा असा तीनदा-चारदा विकला जाते. जमा झालेल्या पैशातला एक वाटा सुवार्ता कार्याला जातो हे सगळ्यांना माहीत असते. देणाऱ्यांत असे लोक असतात ज्यांच्या घरी कर्जाचा हप्ता थकलेला आहे. तरी देतात, कारण त्यांच्या मनात हे दान नसून उपकारस्तुती आहे, आपल्याला फुकट मिळालं ते पुढं जायला पाहिजे. मिझोरमच्या बायांनी तर 1910 पासून दर जेवणाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवायची रीत चालवली आहे, त्या तांदळाच्या पैशावर तिथून माणसं पाठवली जातात. आज पाठवणारे काही फक्त गोरे राहिले नाहीत, कोरिया, नायजेरिया, ब्राझील इथून लोक निघतात, आणि भारतातून भारतातच कितीतरी.

आता सासूबाईंच्या 'मिशनात नेलं'बद्दल. आपल्या भागात लोकांना मिशन भेटलं ते आधी शाळा नाहीतर दवाखाना म्हणूनच. वाशिमला नाझरीन मंडळीचा दवाखाना, पांढरकवड्याकडं उमरीचा, परतवाड्याजवळ कोठारा इथं कुष्ठरोग्यांचा. हे कोठारा चालवणाऱ्या लेप्रसी मिशनची सुरुवात 1874 ची, आयर्लंडमधल्या वेलस्ली बेली यांनी केलेली. ज्याला घरचे गोठ्यात ठेवत होते त्याच्या जखमा कोणी धुतल्या हे माणूस विसरत नाही, म्हणून वऱ्हाडी बोलीत मिशन म्हणजे दवाखाना हा अर्थ रुजला, कोशात असो नसो. यवतमाळातल्या जुन्या माणसांना 'सेमिनरी' (पाळक घडवणारं कॉलेज) हा शब्द तसाच पाठ आहे, युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून तिथं होती, 1983 ला पुण्याला गेली.

नागपूरकडं नाव घ्यावं लागते स्टीफन हिस्लॉप यांचं. हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली आला, शाळा काढली, आणि सुवार्ता सांगता सांगता दगड गोळा केले, जीवाश्म शोधले, गोंडांच्या लिंगो या देवपुरुषाची गाणी परधान गायकांकडून ऐकून लिहून ठेवली. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची दगडांची वर्तुळं पाहून परत येताना नाल्याच्या पुरात बुडून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज तुम्ही ऐकलंच असेल. त्याच्यासोबत रॉबर्ट हंटर नावाचा दुसरा मिशनरी नागपुरात होता, तो पुढं इंग्लंडात जाऊन मोठा कोशकार झाला. सांगायचं हे की ज्याला दुसऱ्यापाशी जाऊन बोलायचं आहे त्याला आधी त्याची भाषा शिकावी लागते, त्याचं गाणं ऐकावं लागते. पुढं पंडिता रमाबाईंनी तर केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, बायाबापड्यांना कळावं म्हणून, आणि रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात बसवलं.

यात दुखरी बाजू आहे, ती टाळून उत्तर पुरं होणार नाही. दुष्काळात, आजारपणात मदतीच्या बदल्यात धर्म, हा आरोप जुना आहे. विदर्भ मध्य प्रदेशात होता तेव्हा 1954 साली नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती याच कामाच्या चौकशीला बसली, 1956 ला अहवाल आला, आणि तो मिशनऱ्यांवर कडक होता. पुढं 1977 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की धर्म सांगायचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. माझं मत स्पष्ट सांगतो. साक्ष हा शब्द कोर्टातला आहे, ग्रीकमधला 'मार्तिस'ही साक्षीदारच, आणि साक्षीसाठी जीव दिला म्हणून त्याचा पुढं हुतात्मा असा अर्थ झाला. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना गप्प बसा म्हटलं तेव्हा ते म्हणाले, आम्ही जे पाहिलं आणि ऐकलं ते न बोलणं आम्हाला जमणार नाही. ही साक्ष. पैसे घेऊन दिलेली साक्ष खोटी ठरते आणि पैसे देऊन मिळवलेलीही खोटीच, म्हणून आमिष दाखवणारा माणूस ज्या कामाचं नाव घेतो त्याच कामाला बट्टा लावतो. मराठी बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) सांगितलंय की तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्या, पण सौम्यतेनं आणि भीडस्तपणानं. भीडस्तपणा! समोरच्याची भीड ठेवून बोलायचं. हा एवढा सुंदर शब्द तिथं आहे आणि आमच्याच लोकांना त्याची आठवण करून द्यावी लागते याचं मला वाईट वाटते.

'बाटवणे' हा शब्द मात्र मी कोणासाठीच वापरत नाही. त्यात बाटणारा माणूस म्हणजे एखादं भांडं, त्याला स्वतःचं मन नाही, असं धरलेलं आहे. उलट 'धर्मांतर' या शब्दाला आपल्या विदर्भात वेगळंच वजन आहे, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म घेतल्यानंतर इथल्या वस्त्यावस्त्यांत तो मान ताठ करून उच्चारला जाते.

तिथूनच तुमच्या शेजारच्या काकांकडं येतो. आंबेडकरी चळवळीत 'मिशन' म्हणजे बाबासाहेबांनी हाती दिलेलं काम, आणि पदरमोड करून, पद न मागता गावोगाव फिरणारा तो मिशनरी कार्यकर्ता, मिशनरी गायक. इंग्रजीतला 'जीवनकार्य' हा अर्थ त्यात आहेच, पण ध्यानात घ्या, कोणीतरी सोपवलेलं काम हा मूळ अर्थ तिथंही जसाच्या तसा टिकलाय. सरकारी 'जल जीवन मिशन' वगैरेत तो उरला नाही, तिथं मिशन म्हणजे मुदतीत करायची योजना. तेव्हा काकांना मिशनरी म्हणणं अगदी बरोबर आहे, त्यात ख्रिस्ती असण्याचा संबंध नाही.

लिहिताना काय वापरावं? इतिहासाबद्दल लिहीत असाल तर मिशनरी हाच शब्द ठेवा, तो आता मराठीच आहे. ख्रिस्ती मंडळीच्या आतलं काम सांगत असाल तर सुवार्तिक, सुवार्ता कार्य. धर्मप्रचारक हा सगळ्याच धर्मांच्या लोकांबद्दल एकत्र बोलताना चालतो. पाद्री हा पोर्तुगीजमधून आलेला, तो चर्च सांभाळणाऱ्या धर्मगुरूला म्हणतात, आम्ही त्याला पाळक म्हणतो, आणि प्रत्येक पाद्री मिशनरी नसतो, प्रत्येक मिशनरी पाद्री नसतो, नर्सबाई आणि मास्तरही मिशनरी असतात. राहिलं रूप, ते काही जण 'मिशनरींनी' लिहितात, बोलण्यात मात्र 'मिशनऱ्यांनी', 'मिशनऱ्यांचा' असंच येते, आणि मला तेच बरं वाटते, भिकारी-भिकाऱ्यांनी, व्यापारी-व्यापाऱ्यांनी होते तसंच.