सोसायटीच्या टाकीला लेव्हल सेन्सर: फ्लोट घ्यावा की रॉडवाला? वायरिंग आपलं आपण जमेल का?

तुम्ही विचारलंय की गच्चीवरच्या टाकीला सेन्सर बसवायचा आहे, फ्लोट बरा की रॉडवाला, वायरिंग घरच्या घरी होईल का. आणि जाता जाता लिहिलंय, ‘आमचे खजिनदार म्हणतात सेन्सर टिकत नाहीत, वॉचमनच बरा.’ हे शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर द्यायला बसलोच नसतो.

फ्लोट घ्या, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता स्विच. रॉडवाला घेऊ नका.

माझी सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये झाली. तिथे टाकी पाण्याची असो नाहीतर कुलंटची (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाची), लेव्हल स्विच लावताना पहिला प्रश्न ठरलेला असायचा: याची वायर तुटली तर पंप बंद पडेल की चालूच राहील? सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे विचारतात, केवढ्याला पडेल?

टाकी भरल्यावर कॉन्टॅक्ट उघडेल, म्हणजे विजेचा रस्ता तुटेल, असा फ्लोट जोडला की वायर तुटो, उंदीर कुरतडो, जॉइंट सुटो, सर्किट उघडं पडतं आणि मोटर थांबते. पाणी नाही म्हणून लोक ओरडतील, ओरडू देत. रॉडवाल्याचं उलटं आहे. त्यात एक कॉमन रॉड, एक खालचा, एक वरचा, आणि पाण्यातून बारीकसा करंट जातो की नाही यावर कंट्रोलर ठरवतो की टाकी भरली. वरच्या रॉडची वायर तुटली किंवा त्यावर क्षारांचा थर चढला, तर पाणी तिथवर पोचल्याचं कंट्रोलरला कळतच नाही आणि टाकी वाहत राहते. हा एक प्रकार. दुसरा आमच्याकडे झाला.

आमची सोसायटी पुण्यात धायरीला. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते इथे उन्हाळ्यात अक्षरशः खरं असतं. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर आणि गेटवर टँकर. टँकरचं पाणी बहुतेक वेळा बोअरचं नाहीतर विहिरीचं, क्षार भरपूर. कमिटीत सेन्सरचा विषय निघाला तेव्हा मी फ्लोट सांगितला होता. आमच्या खजिनदारांनी तपकीर गल्लीतून, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारातून, सगळ्यात स्वस्त रॉडचा किट आणला आणि बसवायला ओळखीतला माणूस बोलावला. तिन्ही रॉड एकाच प्लास्टिकच्या टोपीत, टोपी झाकणाला आतून, वायरींचे स्क्रू उघडे. मी तेव्हाच म्हणालो, झाकणाखाली वाफ धरते, हे चालणार नाही. ‘तुमची फॅक्टरी नाही ही,’ असं उत्तर मिळालं.

एप्रिलमध्ये एका सकाळी सगळ्या फ्लॅटचे नळ कोरडे. खाली पंपाच्या खोलीत पॅनेलवर ‘टाकी फुल’चा लाल दिवा ठणठणीत लागलेला आणि वर टाकीत बादलीभरसुद्धा पाणी नाही. खजिनदार पॅनेलसमोर हाताची घडी घालून उभे: ‘सांगत होतो ना, सेन्सर म्हणजे भरवशाचं काम नाही.’ अर्ध्या पार्किंगनं माना डोलावल्या. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गच्चीवर गेलो, झाकण उलटं केलं. टोपीच्या खालच्या बाजूला पांढरी खरखरीत साय चढलेली, आणि कॉमनच्या स्क्रूपासून वरच्या रॉडच्या स्क्रूपर्यंत थेंबांची सलग ओळ. सुकलेला क्षार वीज अडवतो, तोच ओला झाला की वाहून नेतो. त्या ओळीतून जाणारा करंट म्हणजे कंट्रोलरच्या लेखी भरलेली टाकी. रुमालानं टोपी कोरडी पुसली. पुसता पुसताच खालून वॉचमन मामांची हाक आली, ‘लागली मोटर!’

सेन्सरनं त्याला जे दिसलं ते बरोबरच सांगितलं होतं. चूक टोपीची, म्हणजे ती विकत घेणाऱ्याची. पण मिनिट्समध्ये काय लिहिलं गेलं? ‘सेन्सरचा प्रयोग अयशस्वी. मोटर पूर्वीप्रमाणे वॉचमनकडे.’ तुमच्याकडे असं काही लिहिलं जात असेल तर वाचल्याशिवाय सही करू नका. मी केली नव्हती, तरी ठराव पास झाला.

पुढे हिवाळ्यात रात्रीची मोटर चालूच राहायची, सगळ्यात वरच्या मजल्याच्या भिंतीला फुगे आले आणि बोलणी मामांना. वयस्कर माणूस. गेट सांभाळायचं, गाड्यांना वाट द्यायची, कॉर्पोरेशनचं पाणी सोडतात त्या अवेळी संपवर (जमिनीखालच्या टाकीवर) लक्ष ठेवायचं आणि वर टाकी कधी भरली तेही ओळखायचं. शेवटी मी माझ्या पैशानं फ्लोट आणला आणि लावला.

आता वायरिंग. तुमचा पंप थ्री फेजचा आणि डीओएल स्टार्टरवर (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा, स्टार्ट-स्टॉप बटणांचा डबा) आहे असं धरतो. फ्लोटमधून मोटरचा करंट कधीच नेऊ नका, फ्लोट फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा रस्ता तोडायला. कॉन्टॅक्टर म्हणजे स्टार्टरमधला मोटर जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, कॉइलमध्ये वीज असेतोवर तो जोडलेला राहतो. फ्लोट स्टॉप बटणाच्या सिरीजमध्ये, म्हणजे त्याच रस्त्यात एकामागोमाग, घाला. हे नीट वाचा, कारण नेमका इथेच ओळखीतला माणूस घोळ घालतो: फ्लोट स्टार्ट बटणाला समांतर जोडतो. मोटर लागते, सगळे खूश होतात, पण टाकी भरल्यावर ती थांबत नाही, कारण स्टार्ट बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारा होल्डिंगचा कॉन्टॅक्ट कॉइलला धरून बसतो. मग पुन्हा शिव्या सेन्सरला.

सिरीजमध्ये घातल्यावर टाकी भरली की मोटर थांबते, मात्र पुन्हा आपोआप सुरू होत नाही. स्टार्ट दाबावं लागतं. मला हेच पसंत आहे. सुरू माणसानं करावी, बंद फ्लोटनं करावी. पूर्ण ऑटो हवं असेल तर सिलेक्टर स्विच घालून स्टार्ट बटण बायपास करावं लागतं, आणि मग लाइट गेलेली आली की मोटर कोणाला न विचारता सुरू होते. तेव्हा पंपाच्या कपलिंगपाशी कोणाचा हात असेल तर? ऑटो करणारच असाल तर संपमध्येही उलटा फ्लोट घाला, पाणी खाली गेलं की उघडणारा, आणि दोन्ही सिरीजमध्ये. नाहीतर संप रिकामा असताना पंप कोरडा फिरेल.

वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. केबल फ्लोटला तीन वायरी येतात, बऱ्याचदा काळी कॉमन असते, पण तपकिरी आणि निळीचं काम कंपनीगणिक बदलतं. मल्टिमीटर बीपवर ठेवा, फ्लोट लटकता धरा, मग उलटा करा. लटकता असताना बीप आणि उलटा केल्यावर गप्प, ती जोडी वरच्या टाकीसाठी. केबलवरच्या वजनापासून फ्लोटपर्यंतचं अंतर म्हणजे चालू-बंदमधला फरक. ते फार कमी ठेवलं तर ऑटोवर मोटर सारखी लागते-थांबते. बंद होण्याची पातळी ओव्हरफ्लो पाइपच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली ठेवा. पाणी पडतं त्या तोंडाखाली फ्लोट टांगू नका, तो थडथडतो आणि कॉन्टॅक्टर कडकड करत जळतो. जागा नसेल तर भोकं पाडलेला रुंद पीव्हीसी पाइप उभा करा आणि फ्लोट त्यात मोकळा हलतोय ना ते बघा.

जॉइंट टाकीत नको. झाकणाखालीही नको. बाहेर, वॉटरप्रूफ बॉक्समध्ये, वायर खालून आत जाईल अशी. खाली जाणारी वायर एक स्क्वेअर एमएमची पुरे, दोन कोर (आतल्या तारा) लागत असतील तर चार कोरची टाका आणि मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपात कोंबू नका. लांब पल्ल्याला शेजारच्या फेजमुळे हिच्यातही थोडं व्होल्टेज उतरतं आणि छोटा रिले (थोड्या विजेवर चालणारा स्विच) त्यावर अडकून राहू शकतो.

खजिनदार अजूनही म्हणतात, फ्लोट टिकलाय तो मामांचं लक्ष असतं म्हणून. मामा दर वर्षी आषाढीला वारीबरोबर पंढरपूरला जातात. तेव्हा बदलीवर येणाऱ्या पोराला स्टार्टर कुठल्या भिंतीवर आहे तेही शोधावं लागतं, आणि टाकी तरीही वाहत नाही. तो उल्लेख मिनिट्समध्ये नाही.

एक राहिलं, आणि खरं तर हे आधी सांगायला हवं. बऱ्याच थ्री फेज स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असते, म्हणजे फ्लोट थेट तिच्या सर्किटमध्ये घातला तर गच्चीवरच्या पाण्यात दोन फेजमधलं व्होल्टेज लोंबकळणार. ‘फ्लोट सीलबंद असतो,’ हे कोणाच्याही तोंडून ऐकून घेऊ नका, केबल उन्हानं तडकते. मध्ये २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि रिले घाला: फ्लोट रिलेला चालवेल, रिलेचा कॉन्टॅक्ट स्टार्टरमध्ये जाईल. आणि फ्लोटची वायर तुटण्याऐवजी आपसात शॉर्ट झाली तर फ्लोटही फसतो, त्यासाठी एक टायमर असू द्या. टाकी ४० मिनिटांत भरत असेल तर ५० ला मोटर तोडेल असा.

तेव्हा आपलं आपण जमेल का, याचं उत्तर: फ्लोट टांगणं, बॉक्स, वायर ओढणं जमेल. स्टार्टरच्या आत लायसन्सवाला वायरमन घ्या, आणि तो काम करत असताना मेन स्विचशी कोणीतरी उभं राहा. बोअरचा सिंगल फेज सबमर्सिबल असेल तर कपॅसिटरच्या पॅनेलमुळे जोडणी वेगळी पडते, वरचं जसंच्या तसं लावू नका. स्टार्टरच्या झाकणाला आतून सर्किटचा कागद चिकटवलेला असतो. त्याचा आणि कॉइलवर छापलेल्या व्होल्टेजचा फोटो टाका, मग कुठली वायर कुठे ते सांगतो.