किती मदत करायची, कुठे थांबायचं?

प्रश्न : मुलगा तिसरीत, मराठी माध्यमात. अडखळत वाचतो. शब्द अडला की मी सांगते, पण तोच शब्द दोन ओळींनी पुन्हा अडतो. घरी मदत वाढवू की शिकवणी लावू?
– एक आई, कर्वेनगर, पुणे

उत्तर : शिकवणीचं नंतर. आधी मोजा. त्याने न वाचलेला शंभर शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायला द्या. चुकलेल्या, गाळलेल्या आणि तुम्ही सांगितलेल्या शब्दांवर पेन्सिलने खूण करा. स्वतःहून दुरुस्त केलेला शब्द चूक धरू नका. पाचपर्यंत चुका असतील तर पुस्तक त्याला एकट्याने वाचू द्या. सहा ते दहा असतील तर ते शेजारी बसून वाचायचं पुस्तक. त्याहून जास्त असतील तर पुस्तकच बदला. तिथे कितीही मदत केलीत तरी वाचन तुमचंच होतं.

आता खुणा पाहा. ‘धन’चं ‘घन’ होत असेल तर घ-ध, भ-म अशा जोड्या वेगळ्या काढून घ्या. बहुतेक मुलं ‘र’पाशी गडबडतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही : सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या – एकाच अक्षराची चार रूपं! आठवड्याला एकच रूप घ्या, रोज पाच-सहा शब्द पुरेत.

शब्द अडला की मनात पाच आकडे मोजा. लगेच सांगितलंत तर मूल पानाऐवजी तुमच्या तोंडाकडे बघायला शिकतं. शब्द पुन्हा अडतो तो यामुळेच. तरी जमलं नाही तर पुढचा भाग बोटाने झाका : ‘पुस्तक’मधलं आधी ‘पु’, मग ‘पुस्त’, मग सगळा शब्द. शेवटी सांगा, पण ते वाक्य त्याच्याकडून पहिल्यापासून वाचून घ्या. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको.

एकदा तसाच दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून समजत असेल तर अडचण अक्षरओळखीत आहे. ऐकूनही समजत नसेल तर शब्दसंग्रह तोकडा आहे. तिथे अक्षरं घोटून उपयोग नाही, गप्पा आणि गोष्टी हव्यात.

डोळे आणि कान मात्र याच महिन्यात तपासून घ्या. तीन महिने नेमाने करूनही त्याच खुणा राहिल्या तर खुणा केलेले उतारे घेऊन बालमानसतज्ज्ञाकडे जा. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली डिस्लेक्सियासारखी अडचण, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे; निदान झालं तर शाळेकडे सवलती मागता येतात.