आधी विश्रांती लिही, मग माणसे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे लांबलचक पत्र दोनदा वाचले. त्यात थोरल्या काकूंच्या रुसव्याविषयी दीड पान आहे, मामेबहिणीच्या लग्नात किती वेळ उभे राहावे लागेल याची धास्ती आहे आणि आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे बेत आहेत. परंतु आमवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी तू कोणत्या वारी घेतेस, हे कोठेही लिहिलेले नाही. १८ तारखेची रक्ततपासणी आणि डॉक्टरांची भेट ‘पुढच्या महिन्यावर ढकलावी का’, हे मात्र तू जाता जाता, कंसात विचारले आहेस. खरे सांगायचे तर त्या कंसातल्या प्रश्नामुळेच मी तातडीने लिहायला बसले आहे.

कुटुंब महत्त्वाचे आणि प्रकृतीही महत्त्वाची, असली वाक्ये मी तुला ऐकवणार नाही. तुला माणसांची ओढ आहे, म्हणून तर हा पेच पडला. तुझी चूक मांडणीत आहे. तू कॅलेंडरवर आधी सगळी माणसे लिहिलीस: ६ ते ९ घरी पाहुणे, १४ आणि १५ ला परगावी लग्न, २१ ला आजीचा वाढदिवस, मधल्या दिवसांत ऑफिस. एवढे लिहून जी घरे कोरी राहिली, त्यांना तू विश्रांती म्हणतेस. ती घरे कोरी राहात नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. त्यांत बॅग भरणे येते, भेटवस्तू आणणे येते, राहिलेले ऑफिसचे काम येते आणि ‘तू मोकळीच आहेस ना’ असे म्हणणारा कोणाचा तरी फोन येतो. म्हणून हे पत्र संपेपर्यंत मी तुला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. आधी विश्रांती लिही, मग माणसे.

तुला आणि मला जडलेल्या आमवाताचा स्वभाव ओळखल्याशिवाय हा आग्रह तुला पटणार नाही. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि ती सूज केवळ बोटांत व मनगटांत राहात नाही. तिच्यासोबत येणारा थकवा सबंध शरीराचा असतो. धावपळीच्या दिवशी मात्र उत्साह वेळ मारून नेतो. निदान माझ्या बाबतीत शरीराचा तगादा दुसऱ्या किंवा तिसऱ्या सकाळी सुरू होतो. बोटे अर्धवट मिटलेली, कपाचा कान धरता येत नाही म्हणून कप दोन्ही तळव्यांत धरलेला, सदऱ्याचे वरचे बटण लावताना दोनदा हात खाली घेऊन थांबावे लागते, आणि हे सारे सैल व्हायला तासाहून अधिक वेळ जातो. समारंभात ज्यांनी तुला हसताना पाहिले, त्यांच्यापैकी कोणीही ही सकाळ पाहिलेली नसते. त्यामुळे ‘परवा तर ठणठणीत होतीस’ हे वाक्य तुला जन्मभर ऐकावे लागणार आहे. त्याचे उत्तर देण्यात शक्ती घालवू नकोस. कॅलेंडर तेवढे नीट लिही.

आता लिहायचे कसे, तेही सांगते. १३ आणि १६ या दोन्ही तारखा पूर्ण कोऱ्या. अर्ध्या नव्हेत, अर्धा दिवस विश्रांती म्हणजे उरलेल्या अर्ध्यात दोन दिवसांचे काम, हा सर्वांचाच अनुभव आहे. १० तारीख कोरी, कारण पाहुणे ९ ला जातील. २० आणि २२ यांपैकी निदान एक कोरी. हे शाईने लिही आणि मग ज्या जागा उरतील तेथे माणसांना बसव. रात्रीच्या झोपेला मी विश्रांतीत धरत नाही. प्रौढ माणसाला किमान ७ तास झोप लागतेच, ती हक्काची. लग्नाला जाताना मोटारीचा सात तासांचा प्रवास आहे म्हणतेस. चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसून राहिले की धडधाकट माणसाच्याही पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि आपले सांधे तर त्याच्या आधीच आखडून बसतात. दर दीड तासाने उतरून चालायचे, मग गाडी चालवणाऱ्याने कितीही कपाळाला आठ्या घातल्या तरी.

गोळीविषयी जरा कडक शब्दांत लिहिते. मेथोट्रेक्सेट आपल्या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचे औषध आहे. चुकून रोज घेतल्यामुळे माणसे दगावली आहेत. म्हणून प्रवासाच्या गडबडीत ती पुडी इतर औषधांत मिसळू देऊ नकोस आणि पाकिटावर वार ठळक लिहून ठेव. पुष्कळांना गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. तुझेही तसे होत असेल, तर तो दुसरा दिवस कोऱ्या घरात पडला पाहिजे, लग्नाच्या मांडवात नव्हे. वार बदलायचा असेल तर आत्ताच, डॉक्टरांना विचारून बदल; समारंभाच्या आदल्या रात्री स्वतःच्या मनाने नाही. फॉलिक अॅसिड, म्हणजे या औषधाचा त्रास कमी करणारे जीवनसत्त्व, जसे सांगितले आहे तसेच घ्यायचे. आणि एक लक्षात ठेव, प्रत्येक समारंभात पर्समधून वेदनाशामक गोळी काढून देणारी एक तरी मायाळू बाई असते. तिचे आभार मान, गोळी घेऊ नकोस. काही वेदनाशामके या औषधासोबत मूत्रपिंडांवर ताण आणतात. परगावी कोणा डॉक्टरांकडे जावेच लागले, तर आपण मेथोट्रेक्सेट घेतो हे पहिल्या वाक्यात सांगायचे, कारण ट्रायमेथोप्रिमसारखे लघवीच्या संसर्गावर सर्रास दिले जाणारे प्रतिजैविक त्याच्या जोडीने रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला घातक ठरू शकते.

आता १८ तारीख. औषध सुरू होऊन तुला दोन महिने झाले आहेत. पहिल्या तीन महिन्यांत दर दोन ते चार आठवड्यांनी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडे तपासतात, कारण औषधाचा त्रास होऊ लागला तर तो तुला जाणवण्याआधी रिपोर्टमध्ये दिसतो. शिवाय या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणजे गुण येतो आहे की नाही, मात्रा बदलायची की नाही, हे पाहण्याची वेळ नेमकी हीच आहे. या एवढ्या गर्दीच्या महिन्यात तुला ढकलता येण्याजोगी एकच गोष्ट सापडली आणि ती ही! काकूंचे जेवण ढकलता येत नाही, ऑफिसची बैठक ढकलता येत नाही, स्वतःचे रक्त तेवढे ढकलता येते. रागावते आहे, कारण हा विचार मला फार ओळखीचा आहे. आपण सर्वांत आधी स्वतःची वेळ सोडून देतो, कारण तिच्यासाठी कोणी रुसत नाही.

तुझा आणखी एक प्रश्न आहे: लग्नाच्या चार दिवसांपुरती स्टेरॉइडची मात्रा वाढवली तर? या मोहाला मोठा इतिहास आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला पुढे कॉर्टिसोन म्हणून ओळखले गेलेले स्टेरॉइड टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडल आणि ताडेउश राइखश्टाइन यांना त्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर या औषधाची दुसरी बाजूही डॉक्टरांसमोर येऊ लागली होती: चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, संसर्ग बळावणे, आणि औषध थांबवताच दुखणे परत येणे. स्टेरॉइड म्हणजे उसनी घेतलेली ताकद आहे. सावकार कोण आणि फेड कशी करायची, हे ठरल्याशिवाय ती घेऊ नये. तुझ्या डॉक्टरांनी तपासून, मात्रा आणि दिवस लिहून दिले, तर खुशाल घे. स्वतः वाढवू नकोस आणि जी चालू आहे ती एकाएकी बंदही करू नकोस, कारण तेही तितकेच धोक्याचे आहे. परंतु चार दिवस तरतरी आणणारी गोळी हाती आली, तरी १३ आणि १६ या तारखा कोऱ्याच राहतील. गोळीने वेदना दबते, दिवस वाढत नाही.

पाहुण्यांसोबत येणाऱ्या तापाखोकल्याबद्दल थोडक्यात. फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून आणि नंतर पाच ते सात दिवस तो पसरवू शकतो. म्हणून ‘त्याला काही झालेले नाही, नुसते नाक वाहते’ या आश्वासनावर आपण विसंबायचे नाही. फ्लूची लस घेतली नसशील तर याच आठवड्यात डॉक्टरांना विचार, कारण संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्या काळातली गोळी पुढे ढकलायची का, हेही तेच ठरवतील. ताप आला तर पाहुणे जाईपर्यंत वाट पाहायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

तू विचारशील, मावशी, तुम्हाला हे सगळे जमले का? जमवले. त्याची किंमतही मोजली. माझ्या भावाच्या साठीच्या समारंभाचा मोठा फोटो त्याच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. तीन पिढ्या एकत्र आहेत, लांबून लांबून आलेली माणसे आहेत, आणि मी नाही. त्या आठवड्यात माझे दोन्ही गुडघे सुजलेले होते आणि अंगात कणकण होती. समारंभाच्या दिवसासाठी मी आधीच विश्रांती लिहिली नव्हती, ती शरीरानेच लिहिली असे कोणी म्हणेल, परंतु न जाण्याचा निर्णय माझा होता आणि मी तो फोन करून स्वतःच्या तोंडाने सांगितला. वहिनी अजूनही पाहुण्यांना फोटो दाखवताना म्हणतात, ‘या आल्या नव्हत्या, यांना बरे नव्हते’, आणि ‘बरे नव्हते’ या शब्दांवर असा काही जोर देतात की ऐकणाऱ्याला वाटावे, मला सर्दी झाली होती. मला त्या फोटोची हळहळ वाटते. नाही वाटत म्हटले तर खोटे होईल. परंतु त्याच्या पुढच्या महिन्यात भावाच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्याच्या उशाशी आठवडाभर मी बसले होते. डोळ्यांत थेंब मी घालत होते. फोटोत असलेल्यांपैकी तेव्हा कोणाला सवड नव्हती. हे मी कोणाला बोलून दाखवत नाही. तुला लिहिले, कारण लोक मला हेकट म्हणतात हे तू ऐकलेच असशील, आणि माझी बाजूही तुला कळलेली बरी. हेकटपणा केला नसता तर त्या आठवड्यात मीच कोणाच्या तरी आधाराने उठत बसले असते. असो. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा घरीच राहीन.

माणसांना सांगायचे कसे, याची तू उगाच धास्ती घेतली आहेस. जे काही सांगायचे ते लवकर सांग, आणि फोनवर. थोरल्या काकूंना रोगाची माहिती पुरवू नकोस. त्या तुला तीन ओळखीचे वैद्य सुचवतील. ‘१४ ला संध्याकाळी येते, १५ ला मुहूर्ताला असेन, जेवण झाले की निघेन, बसायला खुर्ची लागेल’ एवढे पुरे. येण्याची वेळ सांगतानाच निघण्याची वेळ सांगितली की रुसवा निम्मा होतो, कारण माणसांना तुझ्या जाण्यापेक्षा अचानक जाण्याचा राग येतो. आधी ‘बघते’ म्हणून शेवटच्या सकाळी नकार कळवणे, यापेक्षा वाईट काही नाही. घरी येणाऱ्या पाहुण्यांना पहिल्याच दिवशी स्वयंपाकघर दाखवून दे आणि दुपारी दोन ते चार आपल्या खोलीचे दार लावून घे. त्यांना ते आवडणार नाही. त्यांची तिसऱ्या दिवशी सवय होईल, तोवर ९ तारीख येईल.

आजीपुरते वेगळे सांगते. २१ च्या गर्दीत तुला तिच्याशी चार वाक्येही बोलता येणार नाहीत. तिला ऐकूही कमी येते आणि त्या गलबल्यात तर काहीच येणार नाही. समारंभात तासभर जा, नमस्कार कर आणि नीघ. त्याच आठवड्यात दुसऱ्या एखाद्या सकाळी, तुझे हात सैल झाल्यावर, दोघीच बसा. आजीला तू कोणत्या दिवशी हवी आहेस, हे तिलाच विचारून पाहा. तुझ्या काकांना विचारू नकोस.

आणि बाळ, हे एका महिन्यापुरते नाही. पुढच्या वर्षी दुसरे लग्न असेल, दुसरे पाहुणे असतील, कदाचित तुझे स्वतःचेच लग्न असेल आणि तेव्हा तर सगळे मिळून तुझे कॅलेंडर भरायला बसतील. त्या आधी हात वळवून घे. आधी विश्रांती, मग माणसे. मग ती माणसे कितीही लाडकी असोत.

रविवारपर्यंत कॅलेंडरच्या पानाचा फोटो मला पाठव. १०, १३ आणि १६ कोऱ्या दिसल्या पाहिजेत, १८ ला रक्ततपासणी आणि डॉक्टर दोन्ही लिहिलेले पाहिजेत, आणि गोळीच्या वाराभोवती लाल गोल. काकूंना फोन त्यानंतर कर, आधी नाही. त्यांनी माझे नाव काढले तर खुशाल सांग की मावशीनेच बिघडवले.

तुझी,
मावशी