पाच एकर कोरडवाहू शेतीवर घर कसं चालतं?

तुम्ही विचारलंय: "आम्ही नवरा-बायको पुण्यात नोकरी करतो. वर्धा जिल्ह्यात वडिलांची पाच एकर कोरडवाहू शेती आहे, सध्या मक्त्यानं दिली आहे. नोकरी सोडून गावी यायचं मनात आहे. एवढ्याशा शेतीवर राहणाऱ्या घराचा रोजचा दिवस खरंच कसा असतो? भागतं का?"

भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगावच्या पट्ट्यात राहते. लग्न होऊन इथं आले त्याला सोळा वर्षं झाली. शेती तुमच्याएवढीच, पाच एकर. तीन एकरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तिच्यात तूर, दोन एकरात सोयाबीन. सोयाबीन निघालं की विहिरीचं पाणी पुरेल तेवढ्यात घरापुरता हरभरा. विहीर माघातच तळ गाठते. एक बैलजोडी, एक गावरान गाय, सहा शेळ्या, दहा-बारा कोंबड्या. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन पोरं. भागतं. कसं भागतं ते सांगते, कारण हिशेबाची वही मीच लिहिते.

आधी दिवसाचं. पहाटे साडेचारला उठणं बाराही महिने सारखंच. कोठ्यातलं शेण काढायचं, झाडायचं, गाय पिळायची, शेळ्यांना पाला टाकायचा. मग स्वयंपाक, पोरांचे डबे आणि वावरात न्यायची शिदोरी. आठच्या आत घर सोडायचं. इथपर्यंत रोज एकच. पुढचा दिवस मात्र जमीन ठरवते.

आमची जमीन काळी, भारी. पाऊस थांबला म्हणून दुसऱ्या दिवशी आत जाता येत नाही, चपलेला किलो-किलो चिखल धरतो आणि बैलाचे पाय रुततात. वाफसा यावा लागतो, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, कामाजोगी व्हावी लागते. सासूबाई वावराच्या मधोमध जातात, चार बोटं खोल माती उकरतात, मुठीत दाबून तिचा लाडू करतात आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडतात. लाडू चपटा झाला तर घरी परत. फुटून त्याच्या ढेकळ्या झाल्या तर डवरा, म्हणजे तण काढायचं बैलाचं औत, जुंपायचा. "आभाळाले नाही, मातीले इचारा लागते," असं त्या म्हणतात. हा वाफसा दोन-तीन दिवस टिकतो. तेवढ्यात डवरणी आणि निंदण झालं नाही आणि वरून पुन्हा पाऊस आला, तर तण पिकाच्या डोक्यावर जातं. त्याच दोन-तीन दिवसांत अख्ख्या गावाला निंदणाला बाया हव्या असतात. म्हणून आम्ही सहा घरच्या बाया सावडीनं काम करतो, आज तिच्या वावरात, उद्या माझ्या. सावड नसती तर निंदणाचा खर्च दुप्पट झाला असता, आणि पैसे देऊनही वेळेवर बाई मिळाली नसती. तुम्ही बाहेरून याल तेव्हा ट्रॅक्टर भाड्यानं मिळेल, पण सावडीत जागा मिळायला तुमच्या घरच्या बाईला दुसऱ्यांच्या वावरात आधी वाकावं लागेल.

पेरणीची घाई करू नका, हे आम्ही पैसे घालवून शिकलो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. एका वर्षी मृगाच्या पहिल्याच दोन सरींवर आम्ही सरकी डोबली, म्हणजे हातानं टोकली, मग अठरा दिवस थेंब नाही. दुबार पेरणी केली. दुसऱ्या एका वर्षी दुकानातून आणलेलं सोयाबीन निम्मंच उगवलं. तक्रार केली, पंचनामा झाला, पुढं काही हाती आलं नाही. तेव्हापासून बियाणं घरचं असो की विकतचं, आधी तपासते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा वर निघाले तर एकरी ३० किलोनं पेरायचं. कमी निघाले तर त्या हिशेबानं बी वाढवायचं, फारच कमी असतील तर ते पोतं वावरात न्यायचंच नाही. पोरं ही मोजणी करतात आणि वहीत लिहितात.

फवारणीबद्दल मला तुम्हाला कळकळीनं सांगायचंय. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, आत हवा नव्हती, फवारा तोंडावरच परत येत होता. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनंही कपाशी खाल्ली. आमच्या घरी तेव्हापासून नियम आहे: फवारणी सकाळी, वाऱ्याकडे पाठ करून, अंगभर कपडे, तोंडाला मास्क, दोन-तीन औषधं एकत्र मिसळायची नाहीत, आणि घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय पोरांना जवळ घ्यायचं नाही. बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावतो, त्यांच्या वासानं नर पतंग येऊन अडकतात, आणि फुलोऱ्यात आल्यावर मी स्वतः ओळीओळीनं फिरून डोमकळ्या तोडते. पाकळ्या गुलाबकळीसारख्या मिटलेल्या दिसल्या की आत अळी आहे समजायचं. तोडून पिशवीत टाकायच्या आणि जाळायच्या. आणि फरदड घेत नाही, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच झाडं ठेवून पुन्हा कापूस घेत नाही. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, मग पऱ्हाट्या उपटून वावर मोकळं. फेब्रुवारी-मार्चच्या दोन क्विंटल कापसासाठी पुढच्या वर्षीची अळी पोसायची नाही.

वेचणीचा दिवस जवळून पाहा, कारण आमच्या वर्षाचा पैसा त्यातूनच येतो. पहिल्या दिवशी सीतादही करतो, दहीभाताचा नैवेद्य दाखवतो आणि मग कापूस टाकायला कमरेला ओटी बांधतो. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा. पहाटे बोंडावर दव असतं. तेव्हाचा कापूस ओला येतो, आणि खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला तर सरकारी केंद्रावर घेतच नाहीत. दुपारी उलटं होतं. बोंडाभोवतीचं पातं वाळून चुरा होतं, तो चुरा कापसाला चिकटतो आणि व्यापारी म्हणतो, पत्ती फार आहे. म्हणून दव उडालं की लागायचं आणि ऊन कडक व्हायच्या आत जास्तीत जास्त वेचून घ्यायचं. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला टोचतात. आठवडाभरात बोटांच्या शेंड्यांना चिरा पडतात, रात्री त्यात कोकमतेल भरावं लागतं. चांगली बाई भर हंगामात दिवसाला चाळीस किलो वेचते. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काटा लटकवायचा, एकेकीचं गाठोडं मोजायचं, वहीत लिहायचं. त्या वेळी सगळ्या बाया काट्याकडे पाहत उभ्या असतात. वजन मोठ्यानं सांगायचं, आणि आठवड्याचा हिशेब बाजाराच्या दिवशी चुकता करायचा. ज्या घरचा हिशेब लांबतो, त्या घरी पुढच्या वेचणीला बाई येत नाही.

आता पैसा. २०२४ च्या हंगामाची वही समोर घेऊन लिहिते. तीन एकरात १७ क्विंटल कापूस झाला, ७,१०० रुपयांनी गेला. त्या वर्षी हमीभाव मध्यम धाग्याला ७,१२१ आणि लांब धाग्याला ७,५२१ होता. पण आम्हाला थांबून केंद्रावर नेणं जमलं नाही, त्याचं कारण पुढं येतं. हाती आले १,२०,७००. खर्च असा: सरकीच्या सहा बॅगा ८६४ रुपयांनी ५,१८४, खत १४,०००, औषधं ९,५००, सावडीशिवाय लागलेलं निंदण १३,०००, वेचणी दहा रुपये किलोनं १७,०००, नांगरट आणि गाडीभाडं ९,०००. एकूण ६७,६८४. उरले ५३,०१६. तुरीचे साडेचार क्विंटल, त्यांचे ३१,५०० आले. दोन एकर सोयाबीनमधून खर्च जाऊन २१,२०० उरले. सगळं मिळून एक लाख पाच हजार आणि वर काही. यात आम्हा दोघांची आणि सासूबाईंची मजुरी धरलेली नाही, बैलांची ढेप, म्हणजे पेंडही नाही.

कापूस लवकर विकावा लागतो तो कर्जासाठी. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडलं तर व्याज शून्य पडतं, म्हणून फेडायचंच. त्यात पोरांची फी आणि वर्षभराचा किराणाही कापसाकडे डोळे लावून बसलेला असतो. ज्याच्या घरात दुसरा पैसा आहे तो थांबतो, आम्हाला थांबता येत नाही.

आणि हेच मला तुम्हाला मुख्य सांगायचं आहे. वहीत त्या वर्षी कापसाच्या पैशाची नोंद चार ठिकाणी आहे. दूध, अंडी, शेळ्या, धुऱ्यावरची भाजी यांच्या नोंदी पाचशेच्या वर आहेत. शेजारच्या दोन घरी मिळून रोज दोन लिटर दूध जातं, पन्नास रुपये लिटरनं. गाय आटल्याचे महिने सोडून त्याचे वीस हजार झाले. पाच बोकड विकले, ३५,०००. धुऱ्यावर आंबाडी, चवळी, वांगी, दोडके असतात. त्यातलं घरी खाऊन उरलेलं बाजाराच्या दिवशी विकते. कधी साठ, कधी दीडशे रुपये. आषाढात धाकट्याला ताप आला तेव्हा दवाखान्याचे पैसे एका बोकडाचे होते, कापूस तेव्हा अजून वितभर होता. शेळ्या मी बचत गटाच्या कर्जावर घेतल्या होत्या, ते दीड वर्षात फिटलं. कापूस कर्ज फेडतो आणि पुढची पेरणी करतो, घर मात्र रोज या बारीकसारीक पैशावर उभं असतं. आणि हा सगळा पैसा घरच्या बाईच्या हातून येतो, पहाटे साडेचारपासून.

म्हणून भाऊ, तुमच्या प्रश्नात "आमच्या मनात आहे" असं हवं होतं, तिथं नुसतं "मनात आहे" आहे. वहिनींच्या मनात काय आहे ते आधी विचारा. त्यांना शेण काढायला, सावडीत वाकायला, रात्री एकटीनं घर सांभाळायला जमणार आहे का? आमच्याकडे हरभरा-तुरीच्या दिवसांत हे महिनाभर जागलीला मचाणावर असतात, रोही (नीलगाई) आणि डुकरांचे कळप एका रात्रीत एकर साफ करतात. त्या रात्री मी, सासूबाई आणि पोरं. आणि त्या येणार असतील तर सातबाऱ्यावर त्यांचंही नाव लावा. एवढं काम करणारीचं नाव कागदावर नसणं मला बरोबर वाटत नाही. आमच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे, ते मी भांडून लावून घेतलं.

माझं स्पष्ट मत असं की दोघांनी एकदम नोकरी सोडू नका. मक्ता एका वर्षानं संपवा, पण एकाचा पगार किमान दोन हंगाम चालू ठेवा. त्या पगारामुळे तुम्हाला कापूस थांबवून विकता येईल. पहिल्याच वर्षी ट्रॅक्टर, शेडनेट, संकरित गाई यात पैसा घालू नका. दोन शेळ्या, एक गाय, चांगलं शेणखत एवढं पुरे. सातबारा भावाभावांत सामायिक असेल तर आल्या आल्या फोड, म्हणजे वाटणी, करून घ्या, आणि दर हंगामाला ई-पीक पाहणी मुदतीत भरा. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसली की हमीभावाच्या केंद्रावर माल घेऊन उभं राहता येत नाही. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला बारा हजार येतात, पात्र असाल तर अर्ज करा. आमचे ते पैसे थेट खताच्या दुकानात जातात.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत, त्या कळवा. विहीर आहे का, आणि पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं? आणि वावरापर्यंतची पांदण, म्हणजे शेतरस्ता, कशी आहे? आमची पांदण मागच्या वर्षी मुरूम पडेपर्यंत पावसाळ्यात बंद व्हायची. ५० किलोची खताची बॅग मी आणि हे अर्धी-अर्धी करून डोक्यावरून पाऊण किलोमीटर नेत होतो, आणि वेचलेला कापूसही तसाच बाहेर काढत होतो. तुमची पांदण तशी असेल तर बी-खताच्या आधी तिचंच काम ग्रामपंचायतीकडे लावावं लागेल. अर्ज कसा करायचा, कुणाची संमती लागते, ते आम्ही नुकतंच केलंय, सविस्तर सांगते.