गरीब साप आणि गारठलेला साप

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नऊ वर्षांपासून टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहतो. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला साप पाळायचा आहे आणि दोन वर्षांच्या हट्टानंतर आता त्याचे बाबाही त्याच्या बाजूने झाले आहेत. माझी अट एवढीच आहे, की साप लहान असावा आणि चावरा नसावा. गेल्या महिन्यात आम्ही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका प्रदर्शनाला गेलो होतो. तिथे एका विक्रेत्याने केनियन सँड बोआ नावाच्या बिनविषारी सापाचे पिल्लू मुलाच्या तळहातावर ठेवले. ते पाच मिनिटे जागचे हलले नाही. "याच्याइतका गरीब साप तुम्हाला दुसरा मिळणार नाही," असे विक्रेता म्हणाला. शेजारच्या टेबलावर एक मोठा रोझी बोआ होता, पण तो हातात घेतल्यापासून बोटांमधून सारखा पुढे सरकत होता, म्हणून मला तो अस्वस्थ स्वभावाचा वाटला. आमच्या घरी तीन वर्षांची मुलगीही आहे आणि माझ्या सत्तरीच्या सासूबाई, ज्या पूर्ण शाकाहारी आहेत, दर वर्षी काही महिने आमच्याकडे असतात. यांपैकी कोणता बोआ घ्यावा? — एक आई, डॅलस

उत्तर : आपण ज्या पिल्लाला गरीब समजलात ते बहुधा गारठलेले किंवा घाबरलेले होते, आणि ज्या सापाला अस्वस्थ समजलात तोच त्या टेबलांवरचा धीट साप असावा. आपल्याकडच्या बैलबाजारात बैल नुसता उभा राहिलेला पाहून कोणी पैसे मोजत नाही. त्याला चालवून पाहतात, त्याच्या अंगावरून हात फिरवून पाहतात. सापाच्या बाबतीत मात्र भले भले लोक हलत नाही म्हणजे गरीब, असा हिशेब करून मोकळे होतात.

सापाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असते. वातानुकूलित सभागृहात सकाळपासून प्लॅस्टिकच्या डबीत बसलेले पिल्लू थंड पडते, आणि थंड पडलेला साप चावतही नाही, पळतही नाही. याखेरीज भीतीने गोठून जाणे हा लहान सापांचा बचावाचा एक मार्गच आहे. तेच पिल्लू आपल्या घरी उबदार पेटीत आठवडाभर राहिले, की त्याचा खरा स्वभाव दिसू लागतो आणि मग विक्रेत्याने फसवले अशी तक्रार होते. तळहातावर निश्चल पडलेल्या सापावरून त्याच्या स्वभावाविषयी काहीच कळत नाही, ही गोष्ट आपण पुढच्या प्रदर्शनाला जाताना मनात ठेवावी.

आता जातीविषयी. आपण पाहिलेल्या दोन्ही जाती लहान बोआंमध्ये चांगल्याच गणल्या जातात, परंतु त्यांचा शांतपणा एका प्रकारचा नाही. केनियन सँड बोआ हा पूर्व आफ्रिकेतल्या कोरड्या प्रदेशातला, वाळूत अंग पुरून भक्ष्याची वाट पाहणारा साप आहे. सगळे अंग वाळूखाली ठेवून तो फक्त डोके बाहेर काढतो. त्याचा नर जेमतेम सव्वा फुटाचा आणि मादी दोन ते अडीच फुटांची, अंगाने भरलेली असते. मोठी मादी एकदा हातावर आली की निवांत असते; अडचण तिला वाळूतून बाहेर काढण्याची असते, कारण वाळूवर झालेली हालचाल म्हणजे उंदीर, एवढेच तिला ठाऊक असते आणि ती डोके बाजूला झटकून फार वेगाने पकडते. पिल्ले तर बरीच चावरी असू शकतात. शिवाय हा साप दिवसाचे जवळजवळ चोवीस तास वाळूखालीच राहतो. अकरा वर्षांच्या मुलाने मित्रांना घरी बोलावून वाळूने भरलेली एक रिकामी पेटी दाखवावी, असा प्रसंग आपल्याकडे वारंवार येईल.

रोझी बोआ हा आपल्या सध्याच्या देशाचाच रहिवासी आहे. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या वायव्य भागातल्या खडकाळ वाळवंटी टेकड्यांवर तो राहतो. अंगावर लांबीच्या दिशेने तीन पट्टे, लांबी साधारण दोन ते तीन फूट, चाल संथ. घाबरला की तो अंगाची गुंडाळी करून डोके आत लपवतो, फार झाले तर दुर्गंधी स्राव सोडतो. भीतीपोटी तो क्वचितच चावतो. चावला तर भुकेपोटी, म्हणजे हाताला उंदराचा वास असताना किंवा जेवणाच्या वेळी बोट पुढे केल्यावर. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण भीतीने चावणारा साप केव्हा चावेल ते सांगता येत नाही, पण भुकेने चावणाऱ्या सापाचा अंदाज बांधता येतो आणि काळजी घेतली तर तो प्रसंगच टळतो. घरात मूल असेल आणि साप प्रत्यक्ष हाताळायचा असेल तर माझी पसंती निःसंकोच रोझी बोआला आहे.

स्वभावाने याहूनही गरीब असा एक बोआ आहे, तो म्हणजे अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा रबर बोआ. परंतु तो थंड, ओलसर जंगलातला साप असून उष्णता त्याला मानवत नाही, खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतो आणि पाळण्यासाठी बंदिवासात जन्मलेला सहजासहजी मिळत नाही. टेक्सासमधल्या घरासाठी मी तो सुचवणार नाही. न्यू गिनीकडचा व्हायपर बोआ आकाराने लहान असल्यामुळे आपल्याला दाखवला जाईल; नाव काहीही असले तरी तो विषारी नाही, मात्र विकायला येणारे बरेचसे व्हायपर बोआ जंगलातून पकडलेले असतात आणि त्यांचा राग सहज जात नाही. ॲमेझॉन ट्री बोआ रंगाने मोहक आणि वृत्तीने शीघ्रकोपी, दातही लांब. ब्राझिलियन रेनबो बोआ मोठेपणी शांत होतो, पण पाच-सहा फुटांचा होतो आणि त्याला पेटीत सतत दमट हवा लागते. आणखी एक सापळा म्हणजे 'ठेंगणा बोआ' हे नाव. होंडुरासच्या कायोस कोचिनोस बेटांवरचा हॉग आयलंड बोआ शांतपणासाठी नावाजलेला आहे हे खरे, पण तो ठेंगणा आहे तो मुख्य भूमीवरच्या सहा-आठ फुटी बोआंच्या तुलनेत. स्वतः तो चार-पाच फुटांचा होतो. आपल्या अटीत तो बसत नाही.

जात ठरली म्हणजे निवड संपली, असे मात्र नाही. एकाच आईच्या एकाच वेळी जन्मलेल्या पिल्लांतही एखादे धीट आणि एखादे बुजरे असते. बहुतेक बोआ अंडी न घालता थेट पिल्ले देतात, त्यामुळे ब्रीडरकडे, म्हणजे सापांची पैदास करणाऱ्याकडे, एकाच वयाची चार-सहा भावंडे शेजारी शेजारी पाहायला मिळतात. ही संधी सोडू नये. प्रत्येकाला विक्रेत्याने नव्हे, तर आपण स्वतः, अंगाच्या मध्यावर खालून आधार देऊन उचलावे. पहिल्या क्षणी साप दचकला, गुंडाळला किंवा झटकन सरकला तर त्यावरून त्याला नापास करू नये, कारण आकाशातून आलेला हात कोणत्याही लहान सापाला घारीचा पंजाच वाटणार. पाहायचे ते दोन-तीन मिनिटांनंतरचे वागणे. भीती ओसरून जीभ संथपणे आत-बाहेर होऊ लागली, शरीराचा विळखा बोटांना हलकासा धरून राहिला आणि साप सावकाश पुढे जात राहिला, तर तो धीट साप आहे. आपण पाहिलेला रोझी बोआ नेमका हेच करत होता. उलट मानेचा इंग्रजी एस अक्षरासारखा बाक तसाच राहणे, श्वास जोरजोरात चालणे, हात हलला की दर वेळी झटका देणे, ही न ओसरणाऱ्या भीतीची चिन्हे आहेत.

गरीब आणि आजारी यांतला फरकही इथेच तपासून घ्यावा. निरोगी साप उचलल्यावर हाताला भरीव लागतो. दोरीसारखा लोंबणारा, तोंड उघडून श्वास घेणारा, किंवा मान विनाकारण वर-मागे वळवून ठेवणारा साप कितीही शांत असला तरी घेऊ नये. उताणा केल्यावर जो स्वतःहून लगेच पालथा होत नाही, त्याच्या मज्जासंस्थेत बिघाड असण्याची शक्यता असते, आणि बोआंमध्ये अशी लक्षणे देणारा एक असाध्य विषाणूजन्य आजार आहे.

वयाचा मुद्दा फारसा कोणी विचारत नाही, पण मला तो जातीइतकाच मोलाचा वाटतो. पिल्लू गोंडस दिसते म्हणून लोक पिल्लूच घेतात. प्रत्यक्षात पिल्लाचा स्वभाव अजून ठरलेला नसतो, ते जास्त घाबरते आणि खाण्यात नखरे करते. दीड-दोन वर्षांचा, माणसाच्या हाताची सवय असलेला, गोठवून पुन्हा कोमट केलेले उंदीर नियमित खाणारा रोझी बोआ थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. विक्रेत्याकडे खाण्याच्या तारखांची नोंद मागावी आणि शक्य असेल तर तो आपल्यासमोर खातो का, तेही पाहावे. जो साप वेळेवर खातो त्याच्या पुष्कळ तक्रारी आपोआप मिटतात.

आता जरा अप्रिय बोलतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला हे जुलाब-तापाला कारण होणारे जिवाणू असू शकतात, भले प्राणी ठणठणीत दिसो. म्हणूनच पाच वर्षांखालील मुले आणि पासष्टच्या पुढची माणसे यांनी अशा प्राण्यांपासून दूर राहावे, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. आपल्या घरात दोन्ही आहेत. माझे स्पष्ट मत विचाराल तर धाकटी पाच वर्षांची होईपर्यंत थांबावे. तेरा वर्षांचा मुलगा अकरा वर्षांच्या मुलापेक्षा चांगला सापवाला होईल. थांबणे शक्यच नसेल तर साप कुलूप असलेल्या पेटीत मुलाच्या खोलीत ठेवावा, पेटी आणि पाण्याचे भांडे स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये कधीही धुऊ नये, हाताळल्यानंतर साबणाने हात धुण्याला सूट नसावी, आणि मुलीने तो काचेबाहेरूनच पाहावा.

सासूबाईंचा प्रश्न आपण एका ओळीत लिहिलात, पण घरात तो त्याहून मोठा आहे. साप शाकाहारी होऊ शकत नाही, दूधभातावर राहू शकत नाही. मोठ्या रोझी बोआला साधारण दहा ते चौदा दिवसांनी एक उंदीर लागतो आणि तो बर्फाच्या पेटीत साठवावा लागतो. आईस्क्रीमच्या शेजारी तो ठेवू नये हे सांगायला नकोच. गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीजर घ्यावा आणि सासूबाईंना ही गोष्ट साप येण्याआधी सांगावी, श्रावणात फ्रीजर उघडल्यावर कळू देऊ नये. रोझी बोआ पंचवीस वर्षे सहज जगतो, म्हणजे मुलगा कॉलेजला गेल्यावर हा उंदीर कोण कोमट करणार, याचाही विचार आजच व्हावा.

घरी आल्यावर सापाचा स्वभाव घडवणे किंवा बिघडवणे आपल्या हाती असते. पहिले सात ते दहा दिवस पाणी देण्यापलीकडे त्याला हात लावू नये. पेटीची एक बाजू ९० अंश फॅरनहाइटच्या आसपास आणि दुसरी पंचाहत्तरीच्या खाली असावी, गरम करणाऱ्या पट्टीला थर्मोस्टॅट असावा, आणि दोन्ही टोकांना अंगाला घट्ट बसतील अशा लपायच्या जागा असाव्यात. लपायला जागा नसलेला साप चिडका होतो आणि दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो. रोझी बोआला ओलावा सोसत नाही, त्यामुळे पाण्याचे भांडे लहान ठेवावे. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटे हाताळणे पुरे. उचलण्याआधी कागदाच्या गुंडाळीने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करण्याची सवय लावावी, म्हणजे आता जेवण नाही, हात येतो आहे, हे त्याला कळते. खाल्ल्यानंतर दोन दिवस, आणि कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ झालेले असताना, त्याला मुळीच छेडू नये. एवढे करूनही कधी बोट धरलेच तर ओढू नये. त्याचे दात मागे वळलेले असतात आणि ओढल्याने जखम वाढते. डोक्यावर थंड पाणी धरले की तो सोडतो. विष नसल्यामुळे साबणाने जखम धुणे एवढाच उपचार बहुधा लागतो.

प्रश्न : आमच्या शेतात मांडूळ बऱ्याचदा दिसतो आणि तो कधी चावत नाही. परदेशी सँड बोआ विकत घेण्यापेक्षा आपला मांडूळच पाळला तर चालेल का? — एक विद्यार्थी, नाशिक जिल्हा

उत्तर : चालणार नाही. मांडूळ हा सँड बोआच आहे आणि स्वभावाने आपण म्हणता तसा खरोखर गरीब आहे. धोका वाटला की तो डोके लपवून आखूड, बोथट शेपूट वर करतो, म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. परंतु भारतातले वन्य साप पकडणे आणि बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गुप्तधनाच्या व जादूटोण्याच्या भाकडकथांमुळे मांडुळाची एवढी तस्करी चालते, की हौसेने ठेवला होता ही सबब कोणी ऐकून घेणार नाही. परदेशी सँड बोआही कागदपत्रांवाचून घेऊ नये, कारण या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत असून २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

एक इशारा देऊन ठेवतो. मांडूळ हाताळायची सवय झालेला माणूस त्याच्या चुलतभावाला, डुरक्या घोणशीलाही, तसाच उचलायला जातो. ती बिनविषारी असली तरी तापट असते आणि पटकन चावते; आणि तिच्या अंगावरचे ठिपके खऱ्या, विषारी घोणशीशी इतके जुळतात, की शेतात संध्याकाळच्या उजेडात दोघींची गफलत सहज होते. साप अडचणीच्या जागी असेल तर त्याच्यावर दुरून नजर ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. अन्यथा उंदीर खायला त्याला बांधावरच राहू द्यावे.