दहातले नऊ दिवस

प्रिय पोरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना राग आला, दुसऱ्यांदा वाचताना जीव कळवळला. पगारातून महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला काढलेस, आता ते हातात आहेत तर तुझी झोप उडालीय. एक मित्र म्हणतो, कावासाकीची केएक्स 250, म्हणजे उड्यांच्या ट्रॅकवरची रेसची गाडी, सेकंडहँड मिळतेय, उचल. दुसरा म्हणतो, हिरोची एक्सपल्स घे, पार्ट इथंच मिळतात. तिसरा कावासाकीच्याच केएलएक्स 230 चे व्हिडिओ पाठवतोय. आणि तू तिघांनाही हो म्हणून बसलायस.

तिघांपैकी एकानंही तुला मुख्य प्रश्न विचारला नाही. दहा वेळा गाडी बाहेर काढलीस तर त्यातल्या किती वेळा तू उड्यांच्या ट्रॅकवर असशील? तूच लिहिलंयस, ‘रानात चालवायचंय, मोटोक्रॉस कधीतरी.’ मोटोक्रॉस म्हणजे तोच उड्यांचा ट्रॅक. म्हणजे दहात एकदा, फार तर दोनदा. मग नऊ दिवस जिथं जाणार तिथली गाडी घे. दहावा दिवस त्याच गाडीवर निभवायचा. मला सांगायचंय ते एवढंच. पण एवढ्यावर तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून पुढचं लिहितोय.

आधी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ‘रान’ म्हणजे काय ते ठरवू. राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात गाडी घालायची नाही, राखीव वनातही नाही. तिथं गवे आहेत, कायदा आहे, आणि आपल्या नादापायी दुसऱ्याचं घर उधळायचं नसतं. यावर माझ्याशी वाद घालू नकोस. पठारांवरचा फुलांचा पातळ थरही एका चाकानं कायमचा सोलला जातो, तिथंही नाही. आपल्याला राहतात त्या पाणंदी, मालकाला विचारून काजूच्या बागा, डोंगरउताराची मालकी रानं, बंद पडलेल्या खणी. आजरा, चंदगड, भुदरगडकडं एवढं आहे की आयुष्य पुरणार नाही. ही जागा नीट डोळ्यांसमोर आण. पश्चिमेला जांभा दगड, पावसात शेवाळ धरून काचेसारखा गुळगुळीत. पूर्वेला हातकणंगले-शिरोळची काळी माती, ती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरली की चाक फिरायचं थांबतं. गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या गुडघाभर चाकोऱ्या. वर उसाचा पाला, तो चेनच्या पुढच्या दातेरी चाकात, स्प्रॉकेटमध्ये, दोरीसारखा गुंडाळतो. या सगळ्यात वेग ताशी 15 ते 30 किलोमीटर. पहिला-दुसरा गिअर, अर्धा क्लच, उभं राहून. तुझे नऊ दिवस हे असे आहेत.

आता त्यात केएक्स 250 आणून उभी कर. गाडी वाईट नाही, उलट फारच चांगली आहे. वजन सुमारे 108 किलो, म्हणजे एक्सपल्सपेक्षा 50 किलो कमी. पडली तर उचलायला हलकी, हे तुझ्या मित्राचं म्हणणं मला मान्य आहे. पण तिथंच तिची बाजू संपते. तिचा पहिला गिअर उंच आहे, कारण स्टार्ट गेटमधून सुटून वळणापर्यंत पोचायला तो बनवलाय. पाणंदीत चालीच्या वेगानं नेताना सतत क्लच दाबून ठेवावा लागतो, प्लेटा तापतात. फ्लायव्हील हलकं, त्यामुळं दगडावर थ्रॉटल जरा सोडला की इंजिन बंद. रेडिएटरला पंखा नाही. वारा लागला तरच थंड राहणारी गाडी चढावर चिखलात दहा मिनिटं अडकली की कूलंट बाहेर फेकते. शॉकअप उंचावरून उतरण्यासाठी कडक लावलेले, त्यामुळं मुळं आणि सुट्या दगडांवर चाक जमीन धरत नाही, उडत राहतं. दोन तासांत मनगटं जातात. मागचं चाक 19 इंची, टायरची भिंत बुटकी, कमी हवेवर दगडाला ट्यूब चिमटते. रानाच्या गाड्यांना 18 इंची चाक देतात ते याचसाठी. टाकी सव्वासहा लिटरची. हेडलाइट नाही, साइड स्टँड नाही, पासिंग होत नाही. म्हणजे दर वेळी छोटा हत्ती भाड्यानं करायचा. आणि तास मोजायचे. जोर लावून चालवलीस तर दर पाच-सात तासांनी तेल, तीस-चाळीस तासांच्या आसपास पिस्टन उघडून बघायचा. तुझ्या नोकरीत आणि पगारात हे बसत नाही. गाडी ताडपत्रीखाली जाते, मग विकायला निघते. अशा ताडपत्र्या मी पुष्कळ बघितल्यात. वेळीच बोललो नाही याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून तुझ्याशी एवढा कडक बोलतोय.

तू म्हणशील, पुढं रेस करायची आहे, मग आत्तापासूनच रेसची गाडी का नको? अरे, कोल्हापूरच्या खासबाग मैदानात सुद्धा जोड बघून कुस्ती लावतात. तालमीत आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी मल्लासमोर उभं करत नाहीत. हळू वेगात तोल, उभं राहून वजन टाकणं, एका बोटानं क्लच, पुढच्या ब्रेकची जाण हे सगळं नऊ दिवसांच्या गाडीवरच येतं. सी. एस. संतोष 2015 मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, हरिथ नोहानं 2024 मध्ये त्याच रॅलीत रॅली-2 गट जिंकला. तू त्यांचे फोटो भिंतीवर लावलेस हे चांगलं केलंस. पण ती माणसं आधी मातीत हजारो तास घालवून मग तिथं पोचली.

राहिल्या दोन गाड्या. एक्सपल्स 200 फोर-व्ही दोन रूपांत मिळते. साध्या गाडीला पुढं 190 आणि मागं 170 मिलिमीटर प्रवास, म्हणजे शॉकअपवर चाक तेवढं वरखाली होतं, आणि सीटची उंची 825. प्रोला 250 आणि 220, सीट 891, जमिनीपासून उंची 270, आणि शॉकअपची सेटिंग बदलता येते. दोन्हींना चाकं 21 आणि 18, वजन 160 च्या आसपास. केएलएक्स 230 चं वजन 139 किलो, हवेनं थंड होणारं 233 सीसीचं साधं इंजिन, प्रवास पुढं 240 आणि मागं 250, सीट 880. दोन्हींचं पासिंग होतं, दोन्ही घरातून चालवत पाणंदीपर्यंत नेता येतात. माझा कौल सरळ आहे. बूट, गुडघ्याचे ब्रेस आणि हेल्मेटचे पैसे बाजूला काढूनही केएलएक्स बसत असेल तर ती घे, ते 20 किलो संध्याकाळी पाचव्यांदा गाडी उचलताना कळतात. बसत नसेल तर एक्सपल्स प्रो, सेकंडहँड चालेल. ब्रेस विकून केएलएक्स घ्यायची नाही.

सीटच्या उंचीला घाबरलायस. साडेपाच फुटाच्या माणसाचे दोन्ही पाय टेकणार नाहीत हे खरं. पण रानात दोन्ही पाय टेकायला जागाच नसते. थांबताना ढुंगण अर्धं सरकवून चढाच्या बाजूचा एक पाय टेकायचा, बस. मागच्या शॉकअपची लिंक बदलून गाडी खाली बसवू नकोस, सीटचा फोम कापू नकोस. उंची कमी केलीस की खालची प्लेट चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर घासते, आणि ज्या प्रवासासाठी पैसे मोजलेस तोच गमावतोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात कोणी पैसा खर्च करत नाही. गाडी आणल्यावर एक्झॉस्ट, स्टिकर, हँडगार्ड यांच्यामागं लागू नकोस. आधी टेप घे. गाडी लाकडी ठोकळ्यावर चढव, मागचं चाक अधांतरी. मागच्या एक्सलच्या मधोमध टेपचं टोक धर आणि बरोबर वर मडगार्डवर खडूनं खूण कर. हे अंतर अ. गाडी जमिनीवर ठेव, कोणी बसायचं नाही, दोनदा दाबून सोड, पुन्हा मोज. हे ब. मग बूट, ब्रेस, हेल्मेट, पाठीवर पाण्याची पिशवी सगळं चढवून तू फूटपेगवर उभा राहा, पुढून मित्रानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं मोजायचं. हे क. अ वजा क म्हणजे तुझ्या वजनानं गाडी किती दबते. ते एकूण प्रवासाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आत-बाहेर हवं. एक्सपल्स प्रोला 220 मधले 65 ते 70, केएलएक्सला 75 ते 80. जास्त दबत असेल तर स्प्रिंगची रिंग आवळ, कमी दबत असेल तर सैल कर. मग अ वजा ब बघ. तुझा आकडा बरोबर आणायला रिंग इतकी आवळावी लागली की रिकामी गाडी जवळजवळ दबतच नाही, तर स्प्रिंग तुझ्या वजनाला मऊ आहे, ती बदलायची. उलट रिकामी गाडीच फार दबत असेल तर स्प्रिंग कडक. तुझं वजन 72, अंगावरचा सरंजाम सात-आठ किलो. कंपनीनं गाडी कुणासाठी लावली ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून मोजायचं. या अर्ध्या तासानं जो फरक पडतो तो पन्नास सीसी जास्त घेऊनही पडत नाही.

गिअरिंगचंही तसंच. चिखलात पहिला गिअर लांब वाटला तर पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी कर. तो एक दात मागं तीन दात वाढवल्यासारखा असतो आणि स्वस्तात होतो. चेन ताणताना मात्र मागचा एक्सल, स्विंगआर्मचा बोल्ट आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत येईपर्यंत गाडी दाबायची आणि तिथं थोडा ढिलेपणा ठेवायचा. स्टँडवर ताणून ठेवलीस तर पहिल्या खड्ड्यात चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

हवा रानात 15 ते 18 पीएसआय, एक्सपल्स असेल तर 18 च्या खाली नको. जाड ट्यूब घाल, मागं रिम लॉक बसव, तो कमी हवेत टायर रिमवर घसरू देत नाही. इंजिनखाली जाड अॅल्युमिनियमची प्लेट हवीच, ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात मापानं वाकवून मिळते. बोल्ट खालून उघडे ठेवू नकोस, डोकी आत बुडवून घे, नाहीतर जांभा ती तासून टाकतो आणि पुढं पाना लागत नाही.

तांबड्या धुळीबद्दल थोडं थांबून वाच. ती पिठासारखी बारीक असते, फिल्टरची कड जराशी उचलली असली तरी आत जाते आणि रिंगा संपवते. फोमचा फिल्टर बसवलास तर धुळीच्या प्रत्येक फेरीनंतर धुवायचा. आधी रॉकेल, मग साबणाचं पाणी, पिळायचा नाही, दाबायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, मग फिल्टर ऑइल सगळीकडं सारखं मुरेपर्यंत चोळायचं आणि बसणाऱ्या कडेला ग्रीसची बारीक रेघ. पेट्रोलनं धुतलास तर फोमच्या जोडाचा गोंद सुटतो. कंटाळा येतो म्हणशील. येऊ दे, धुवायचा.

दहावा दिवस. ट्रॅकवर जाशील तेव्हा हवा दोन-तीन पीएसआय वाढव, प्रोचं कॉम्प्रेशन, म्हणजे शॉकअप दबताना होणारा विरोध, दोन क्लिक आवळ. साधी एक्सपल्स असेल तर पुढच्या प्रत्येक पायात 10 मिलिलिटर तेल जास्त घाल. आतली हवा कमी होते आणि शेवटचा प्रवास कडक होतो. पहिले चार राउंड एकही उडी मारायची नाही, उंचवटे चाकांनी लोळत पार कर. मग फक्त टेबलटॉप, म्हणजे वरून सपाट उंचवटा, कारण कमी पडलास तरी खाली जमीन असते. डबलच्या, म्हणजे मध्ये खड्डा असलेल्या जोड उंचवट्यांच्या, वाटेला जाऊ नकोस. गाडी, तू आणि सरंजाम मिळून 240 किलो होतात, सपाटीवर आदळलं तर रिम वाकते, नंतर गुडघा. ट्रॅकवर सगळे तुला मागं टाकतील. टाकू दे. मला लोक हट्टी म्हणतात, मंद गाड्यांचा कैवारी म्हणतात. म्हणू देत. ज्याची गाडी सोमवारी सकाळी पुन्हा सुरू होते तो वर्षभर शिकतो, माझं म्हणणं तेवढंच आहे आणि ते मी सोडणार नाही.

सेकंडहँड बघायला जाताना मालकाला आधीच सांग, इंजिन गरम करून ठेवू नका. थंड असताना हात लावून बघ, मगच किक किंवा बटण. मागचं चाक आडवं हलव, स्विंगआर्ममध्ये खडखड आहे का बघ. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरव, मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर हँडलच्या दांड्याच्या बेअरिंगला खड्डा पडलाय. शॉकअपच्या नळ्यांवर तेलाची ओल बघ. प्रत्येक स्पोकवर पान्यानं टकटक कर, सैल स्पोक भद्द वाजतो. फूटपेगच्या वेल्डजवळ रंगात केसाएवढी चीर आहे का ते टॉर्च लावून बघ. एअरबॉक्स उघडून फिल्टरच्या मागच्या बाजूला बोट फिरव. बोट लाल झालं तर बाकी काही न बघता परत फिर. शेवटी इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून घे. गाडीची रचना मनाने बदललेली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली अडचण तुझी होते, आधीच्या मालकाची नाही.

तू लिहिलेली गडहिंग्लजची ती एक्सपल्स प्रो बघायला रविवारी जाणार असशील तर सकाळी सातला नीघ, उन्हं चढायच्या आत. बूट घालून जा, नळ्या पुसायला फडकं घे, टॉर्च आणि टेप घे. आणि केएक्सवाल्याला अजून बयाणा दिला नसशील तर देऊ नकोस.

तुझा,
काका